फणसांबा : दोन वळशांचं औषध

"बाळाची लाळ लई गळायलीय ताई, त्ये फणसाचं लाकूड द्या की." असं म्हणत दुकानाची पायरी चढणाऱ्या आज्या मी लहानपणापासून पाहत आले आहे. धाराशिवात आमचं अत्ताराचं दुकान आहे. उरुसात ऊद आणि अत्तर, नवरात्रात तुळजापूरला निघालेल्यांसाठी हळदकुंकू आणि कापूर, आणि बारा महिने काष्ठौषधी. अब्बांच्या मागे दुकान मी सांभाळते. गल्ल्यामागे लाकडी खणांची उतरंड आहे. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, अतिविष, मायफळ अशा बाळगुटीच्या जिनसा वरच्या ओळीत असतात. त्याच ओळीच्या टोकाला एका खणात काळपट, चिरा पडलेले, हाताला जड लागणारे तुकडे ठेवलेले असतात. आज्या ज्याला फणसाचं लाकूड म्हणतात, ते हे. पण हे लाकूड नाही. ही अळंबी आहे, आणि तिचं नाव फणसांबा.

आमच्या भागात अळंबी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुत्र्याची छत्री येते. पावसाच्या चार सरी झाल्या की उकिरड्यावर उगवणारी आणि दुसऱ्या उन्हात विरघळून जाणारी. फणसांबा त्या जातकुळीचा असला तरी त्याचा स्वभाव उलट आहे. तो जुन्या फणसाच्या खोडाला आडवा चिकटून वाढतो, आकारानं घोड्याच्या खुरासारखा. त्याला देठ नसतो. वरची बाजू काळी आणि भेगाळलेली, खालची तपकिरी आणि हाताला मखमली. ती खालची बाजू भिंगातून बघितली तर असंख्य बारीक छिद्रं दिसतात. त्या छिद्रांतून बीजाणू खाली झडतात. आपल्याला दिसतो तो नुसता फळाचा भाग, खरी बुरशी खोडाच्या आत तंतूंच्या रूपानं पसरलेली असते आणि लाकूड पोखरून जगत असते. दर वर्षी ती या फळाला खालून छिद्रांचा नवा थर जोडते. म्हणून चांगला तुकडा करवतीनं उभा कापला की आत थरावर थर दिसतात आणि तो झाडावर बरीच वर्षं होता हे कळतं.

शास्त्रात या गणाला फेलिनस म्हणतात. फणसांबा या नावानं विकल्या जाणाऱ्या मालात या गणातल्या एकाहून अधिक जाती येतात. पुणे विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी रब्बा यांच्यासोबत १९९३ मध्ये 'मायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात लोकवैद्यकातल्या बुरशींवर लेख लिहिला. पुढे २००० मध्ये लामरूड यांच्यासोबत भारतातल्या पारंपरिक औषधी अळंब्यांचा आढावा घेतला. आमच्यासारख्या दुकानांच्या खणांत आणि कोकणातल्या आज्यांच्या बटव्यात असलेल्या वस्तूची अशी रीतसर दखल घेतली गेली, याचा मला फार आनंद आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९० ते १८९३ या काळात, विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा मोठा ग्रंथ निघाला. डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहत. त्यांनी कोकणातल्या या फणस-अळंब्याची नोंद केली आहे. पाण्यात उगाळून लेप करावा, लाळ फार सुटत असेल तर हिरड्यांना लावावा, मुलांचं तोंड आलं असेल तर तोंडात लावावा. आज माझ्याकडे येणारी आजी नेमकं हेच सांगते. तिनं तो ग्रंथ वाचलेला नाही. तिला तिच्या सासूनं सांगितलं.

खरं तर फणसांबा आमच्याकडचा नाहीच. धाराशिव म्हणजे बालाघाटाचं कोरडं पठार. बाभूळ, लिंब, चिंच, बोर ही आमची झाडं. फणस इथे बाजारात येतो, परसात क्वचितच दिसतो. त्यामुळे माल कुडाळ-सावंतवाडीकडून कोल्हापूरमार्गे येतो. कोकणातून लग्न होऊन इकडे आलेल्या बायका आणि शिक्षक-तलाठी म्हणून तिकडे राहून आलेली कुटुंबं, या दोन वाटांनी फणसांब्याची ओळख आमच्या गावात रुजली असं अब्बा सांगायचे. मग शेजारणीनं शेजारणीला सांगितलं. आता भूम-कळंबच्या खेड्यांतूनही लोक मागायला येतात.

पण परमुलखातली वस्तू म्हटली की फसवणूक आणि गोंधळ दोन्ही आले. पावसाळा सरला की कुणी ना कुणी बाभळीच्या किंवा शिरसाच्या बुंध्यावरची ताटलीएवढी अळंबी पिशवीत घालून आणतं. "ह्ये फणसांबाच हाय न्हवं? घ्या की इकत." बहुतेक वेळा ती गॅनोडर्मा असते. तिची वरची बाजू रोगण लावल्यागत चकाकते, खालची बाजू ताजी असताना पांढरी असते आणि नख ओढलं की तिथे तपकिरी रेघ उमटते. फणसांब्याची वरची बाजू कधीच चकाकत नाही आणि त्याचा आतला गर मुळापासूनच गंजाच्या रंगाचा असतो. कधी बाभळीवरही फेलिनसचीच एखादी भावंडजात मिळते, आणि ती दिसायला इतकी जवळची असते की जाणत्यालाही थबकावं लागतं. ती मी घेत नाही. फणसावरचा फणसांबा पिढ्यान्‌पिढ्या बाळांच्या तोंडात गेला आहे, त्याचं माप ठरलेलं आहे. बाभळीवरच्या भावंडाचं तसं माप कुणी मला सांगितलेलं नाही, मग ते मी दुसऱ्याच्या लेकराला कसं देऊ?

आता घरी कसा वापरायचा ते सांगते, कारण तुकडा नेणाऱ्यांपैकी निम्म्या तरुण आया हा प्रश्न विचारतात. त्यांच्या घरी सांगणारी आजी उरलेली नसते.

तुकडा घेताना जड आणि ठणठणीत घ्यावा. बोटानं दाबला की भुगा पडत असेल किंवा बारीक भोकं दिसत असतील तर किड्यांनी आधीच खाल्लेला आहे. पांढरी-हिरवी बुरशी आलेला तुकडा बाळासाठी कधीही वापरू नये, तो घासून-पुसून चालत नाही. घरी आणल्यावर झाडाची साल चिकटली असेल तर सुरीनं खरवडावी, तुकडा वाहत्या पाण्याखाली झटकन धुवावा आणि सावलीत कडक वाळवावा. भिजत घालू नये. आत पाणी शिरलं की तो वाळता वाळत नाही.

सहाण वेगळी हवी. यावर मी अडून बसते. देवघरातल्या सहाणेवर चंदन उगाळतात, कुणाच्या घरी शेंदूरही त्याच पाटावर कालवतात. शेंदूर परंपरेनं शिशापासून बनतो, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक आहे, अगदी थोडं गेलं तरी. माझ्या दुकानात शेंदूर दुसऱ्या टोकाला, वेगळ्या तराजूवर विकला जातो, आणि त्या पुड्या बांधलेल्या हातानं मी गुटीच्या जिनसांना शिवत नाही. घरातही हीच शिस्त हवी. बाळगुटीची सहाण बाळगुटीचीच. उकळत्या पाण्यानं धुवायची, उन्हात वाळवायची, वर स्वच्छ फडकं घालायचं.

सहाणेवर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि फणसांब्याचा सपाट भाग टेकवून गोल फिरवायचा. एकदा गोल फिरवलं की एक वळसा. बाळाच्या हिरड्यांसाठी दोन वळसे पुष्कळ झाले. खाली पातळ तपकिरी गंध उतरतं, चव तुरट, वास ओल्या लाकडाचा. नखं कापलेल्या, साबणानं धुतलेल्या बोटावर डाळीएवढं गंध घेऊन हिरडीवर फिरवायचं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही तीन-चार दिवस. उरलेलं गंध ठेवायचं नाही. तुकडा पुसून परत वाळवायचा. मोठ्या माणसाचं तोंड आलं असेल तर गंध थोडं दाट घेऊन फोडावर लावतात, किंवा बोटाच्या पेराएवढा तुकडा दोन कप पाण्यात निम्मं उरेपर्यंत उकळून त्याच्या कोमट गुळण्या करतात. गुळण्या करून थुंकायचं.

हा तुरटपणाच इथे कामाला येतो. तुरट पदार्थ तोंडातल्या नाजूक त्वचेला आवळतात, फोडाची चुरचुर थोडी दबते. हिरडा, मायफळ, बाभळीची साल यांचं तोंडाच्या दुखण्यातलं कामही याच धाटणीचं. फणसांबा त्या पंगतीत बसतो, त्याच्या वर नाही. आणि लाळेचं म्हणाल तर मी प्रत्येक आजीला आधी विचारते, बाळ केवढं आहे? चार-सहा महिन्यांच्या बाळाची लाळ गळतेच. दात यायची तयारी सुरू असते आणि लाळ गिळायची सवय अजून लागलेली नसते. त्याला औषध लागत नाही, गळ्याला मऊ लाळेरं बांधलं की झालं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मी तुकडा देतच नाही. त्या वयात आईच्या दुधाशिवाय पोटात काहीही जाऊ नये, पाणीसुद्धा नाही, आणि हिरडीवर लावलेलं पोटात जातंच. यावरून काही आज्या रुसतात. "आमच्या येळेला असं न्हवतं," म्हणतात. त्यांच्या काळात किती बाळं हगवणीनं गेली तेही त्याच सांगतात, मग मी काही बोलत नाही, चहा मागवते.

जुन्या नोंदींत फणसांबा जुलाब आणि आवेवर पोटात देत असंही आहे. ते आता करू नये. जुलाबात बाळाच्या जिवाला धोका असतो तो अंगातलं पाणी संपण्याचा. आशाताईकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटं मिळतात. आधी ते सुरू करायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. तसंच बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे असतील आणि पुसून निघत नसतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला डॉक्टरांचं औषध लागतं. लाळ अचानक वाढली, ताप आहे, बाळ गिळत नाही, श्वासाला आवाज येतोय, असं असेल तर दुकानात थांबायचंच नाही, थेट दवाखाना. हे सांगताना माझं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

मोठ्यांच्या बाबतीत आमच्या भागात एक गोष्ट फार आहे ती म्हणजे मिसरी. शेतात राबणाऱ्या बायका सकाळी दातांना मिसरी लावतात, तंबाखू भाजून केलेली. पुरुषांचा गुटखा-तंबाखू वेगळाच. अशा माणसाचं तोंड सारखं येत असेल, फोड पंधरा दिवसांत बरा होत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर फणसांबा लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. अशा बाईला मी तुकड्याऐवजी सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवते, सोबत कुणी नसेल तर मुलाला बरोबर धाडते.

कर्करोगाचा विषय निघालाच आहे तर दुसरीही बाजू सांगायला हवी. फणसांब्याची भावंडं जगभर नावाजलेली आहेत. कोरिया आणि चीनमध्ये 'सांगह्वांग' नावाची फेलिनस शतकानुशतकं औषधात आहे. १९६८ मध्ये जपानात इकेकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा गरम पाण्यातला अर्क गाठी असलेल्या उंदरांना दिला आणि गाठींची वाढ मोठ्या प्रमाणात रोखली गेली. तेव्हापासून तिच्यातल्या बहुशर्करांवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालं. रशियात बर्च झाडावर वाढणारी चागा याच कुळातली, सोल्झेनित्सिन यांच्या 'कॅन्सर वॉर्ड' कादंबरीतले रुग्णही तिच्या आशेनं बोलतात. माणूस आणि झाडावरची अळंबी यांचं नातं तर त्याहून जुनं आहे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फाखाली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाजवळही बर्चवरच्या अळंबीचे तुकडे चामड्याच्या वादीत ओवलेले होते.

हे सगळं वाचलं की मलाही भारी वाटतं. पण उंदरातलं यश हे माणसाचं औषध नव्हे, आणि ही रेघ आज जाणूनबुजून पुसली जाते आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगाव अळंबीच्या कॅप्सूल घेऊन लोक फिरतात. मधुमेह, सांधे, किडनी, कर्करोग, सगळ्यांवर एकच डबी, आणि किंमत शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी. कर्करोग किंवा मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले की हे लोक येतात. एका शेतकऱ्यानं अशी डबी घेऊन साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि पायाची जखम चिघळवून घेतली, तेव्हा त्याची बायको माझ्याकडे रडत आली होती. त्या दिवसापासून मी हा विषय निघाला की गप्प बसत नाही.

अळंबी नैसर्गिक आहे म्हणून कितीही घ्या, हेही खरं नाही. २०१४ मध्ये जपानातल्या डॉक्टरांनी ७२ वर्षांच्या एका बाईची हकिकत प्रसिद्ध केली. त्या रोज चार-पाच चमचे चागाची पूड सहा महिने घेत होत्या. चागात ऑक्झलेट फार असतं, ते त्यांच्या मूत्रपिंडात साठलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. कुठे चार-पाच चमचे आणि कुठे सहाणेवरचे दोन वळसे! गुटीच्या जुन्या रीतीत वळसा हेच माप होतं. दगडावर घासून उतरणारं द्रव्य कणभरच असतं. ती रीत बसवणाऱ्या बायकांनी वस्तू निवडली, तितक्याच काळजीनं तिची मात्राही निवडली. वस्तू उचलायची आणि मात्रा फेकून द्यायची, हा अलीकडचा उद्योग आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

इथल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातली मुलं-मुली कधी द्रव्यं पाहायला दुकानात येतात. त्यांना मी फणसांबा हातात देते, तोडून दाखवते, गॅनोडर्माच्या शेजारी ठेवून फरक विचारते. वारुळावर श्रावणात येणारी अळंबी खायची, ही झाडावरची लावायची, आणि दोन्हींपैकी ओळख पटली नाही ती हात न लावता सोडायची, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं तरी मला पुरे आहे. छत्रीच्या आकाराच्या रानअळंब्यांत जीवघेण्या विषारी जाती आहेत. शिजवल्यानं, मीठ लावल्यानं किंवा चांदीचं नाणं टाकून बघितल्यानं त्यांचं विष जात नाही आणि कळतही नाही.

माल आता पूर्वीसारखा येत नाही. फणसाचं लाकूड पिवळं, टिकाऊ, फर्निचरला आणि पखवाजाच्या खोडाला चालणारं, त्यामुळे जुन्या झाडांवर व्यापाऱ्यांचा डोळा असतो. फणसांबा तर जुन्या, आतून थकलेल्या झाडावरच येतो, आणि परसात असं झाड दिसलं की घरातल्या लोकांना ते आधी तोडावंसं वाटतं. माल आणणाऱ्या माणसाला मी सांगून ठेवलं आहे : झाडावरचा सगळा फणसांबा ओरबाडू नको, पातळ आणि कोवळे तुकडे राहू दे, कोयत्यानं साल सोलू नको. तो म्हणतो, मी ठेवलं तर मागून येणारा नेतो. त्याचंही खोटं नाही. म्हणून मी मोठ्या तुकड्याचे लहान तुकडे करून विकते. एका घराला अंगठ्याएवढा तुकडा दोन-तीन लेकरांना पुरतो, नीट वाळवून बरणीत ठेवला तर आणखी पुढेही.

काही दिवसांपासून पुण्याहून एक व्यापारी फणसांब्याची तयार पूड घ्या म्हणून मागे लागला आहे. पुडीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ना थर दिसत, ना गंजाचा रंग ओळखता येत, ना किडलेला भाग वेगळा काढता येत. वर चमच्यानं घ्यायची सोय होते आणि वळशाचं माप संपतं. पूड मी ठेवत नाही. ज्याला हवा आहे त्यानं तुकडा न्यावा आणि घरच्या सहाणेवर उगाळावा.